दाढीच्या ब्रशला फेस का येत नाही? आधी पाणी तपासा, मग ब्रश

ब्रश बदलून झाला, क्रीमची ट्यूब बदलून झाली, तरी फेस गालावर चढेपर्यंत बसून जातो आणि ब्लेड कातडीवर कोरडं ओढलं जातं. मधले आठ-दहा दिवस सगळं नीट चालतं, मग पुन्हा तेच. मराठवाड्यात ब्रशने दाढी करायला नव्यानेच लागलेली पोरं ही तक्रार करतात, आणि डब्यातला तयार फोम सोडून पुन्हा ब्रशकडे वळलेली मोठी माणसंही करतात. बहुतेक जण त्यावर आणखी महाग ब्रश घेतात. पैसे जातात, तक्रार राहते.

ही अडचण कायम नसते, येते आणि जाते. नेमकं तिथेच तिचं कारण सापडतं. ब्रश खराब असता तर तो रोज खराब वागला असता. जी वस्तू दिवसाआड बदलते ती शोधायला हवी, आणि आपल्या घरात दिवसाआड बदलतं ते पाणी.

टाकीत आज कोणतं पाणी आहे?

लातूर, परभणी, जालना, बीड, धाराशिव, कुठल्याही शहरातलं साधं घर घ्या. नळाला पाणी रोज येत नाही. आलं की टाकी भरून घ्यायची, संपलं की बोअर चालू करायचा, बोअरनेही मान टाकली की टँकर बोलवायचा. तिन्ही पाणी एकाच टाकीत पडतं आणि न्हाणीतल्या एकाच तोटीतून बाहेर येतं. धरणाचं पाणी, मग ते मांजराचं असो, जायकवाडीचं असो की विष्णुपुरीचं, सहसा खोल बोअरच्या पाण्यापेक्षा हलकं असतं. बोअरचं पाणी खडकाच्या भेगांतून झिरपत आलेलं असतं. त्या वाटेत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार त्यात विरघळतात. असे क्षार जास्त ते जड पाणी, कमी ते हलकं. टँकरचं तर सांगताच येत नाही. तो ज्या विहिरीवर भरला तसं त्याचं पाणी.

म्हणून दिवाळीच्या सुमाराला जो ब्रश छान चालतो तोच एप्रिलमध्ये रुसतो. उन्हाळ्यात नळाच्या पाळ्या लांबतात आणि टाकीत बोअरचा वाटा वाढतो. ब्रश तोच, क्रीम तेच, हातही तोच असतो.

जड पाणी फेस का मारतं, हेही समजून घ्या, कारण उपाय त्यातूनच निघतात. दाढीचा साबण किंवा क्रीम म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्लासारख्या मेदाम्लांचे पोटॅशियम आणि सोडियम क्षार. हे पाण्यात विरघळतात, म्हणून फेस होतो. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असलं की मेदाम्ल पोटॅशियमला सोडून त्यांना चिकटतं. त्यातून जे तयार होतं ते पाण्यात विरघळत नाही. त्याचा पांढरट, चिकट साका होतो. बादलीच्या कडेला आणि न्हाणीच्या फरशीवर बसणारा साबणाचा थर तोच. म्हणजे तुम्ही ब्रशवर घेतलेल्या क्रीममधला बराचसा भाग आधी पाण्यातले क्षार संपवण्यात जातो, आणि उरलेल्याचा फेस होतो. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता, म्हणजे जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी, असं आहे. म्हणजे पिण्याच्या नियमात बसणारं पाणीसुद्धा दाढीला पुरेसं जड असू शकतं.

स्वयंपाकघरात विचारलं तर याचं उत्तर लगेच मिळेल. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, वरण फुटत नाही, ज्या पाण्याने पातेल्याच्या तळाला आणि गिझरच्या कॉइलला पांढरा थर चढतो, त्या पाण्यात दाढीचा फेसही धरत नाही.

दहा मिनिटांची परीक्षा

नवा ब्रश घेण्याआधी ही परीक्षा करा. पाण्याचा जार घरोघर येतो, किंवा घरात आरओ असतो. त्यातलं वाटीभर पाणी घ्या आणि दुसऱ्या वाटीत न्हाणीच्या तोटीचं घ्या. ब्रश तोच, क्रीम तेवढंच. आधी जारच्या पाण्यात फेस करा, ब्रश स्वच्छ धुवा, झटका, मग तोटीच्या पाण्यात करा. जारच्या पाण्यात फेस घट्ट आला आणि तोटीच्या पाण्यात बसला, तर ब्रशचा काही दोष नाही. दोन्हीकडे सारखाच बिघडला तर पाणी सोडा आणि पुढचं वाचा.

ब्रश हाताशी नसेल तर पारदर्शक बाटली अर्धी भरा, अंघोळीच्या साबणाचे थोडे कीस टाका आणि जोरात हलवा. वर दाट फेस आणि खाली बऱ्यापैकी स्वच्छ पाणी राहिलं तर पाणी हलकं. फेस थोडा आणि पाणी दुधट, त्यात कणकण तरंगताना दिसले तर जड. ही परीक्षा शाम्पूने किंवा कपड्यांच्या पावडरने करू नका. ते जड पाण्यातही फेसतात, त्यामुळे फसगत होते.

पाणी जड निघालं तर

घराचं सगळं पाणी बदलायची गरज नाही. ब्रशने दाढी करायला एक मोठा गिलास पाणी पुरतं: ब्रश भिजवायला, फेसायला, रेझर बुडवायला. शेवटी तोंड धुवायला तोटीचं पाणी वापरलं तरी चालतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना तोटी सोडून ठेवून दाढी करणं तसंही पटत नाही. ब्रश आणि गिलास ही पद्धत आपल्या भागाला म्हणूनच सोसते.

तर तेवढा एक गिलास जारचा किंवा आरओचा घ्या. जार नसेल तर पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, निवू द्या आणि तळाचा गाळ न हलवता वरचं ओतून घ्या. उकळल्याने कठीणतेतला बायकार्बोनेटचा भाग खाली बसतो. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेली कठीणता मात्र उकळून जात नाही. त्यामुळे काही गावांत हा उपाय पुरता लागू पडेल, काही गावांत अर्धाच. पावसाळ्यात सगळ्यात सोपं म्हणजे पागोळ्यांचं पाणी. पहिल्या एक-दोन पावसांनी छत धुऊन जाऊ द्या, मग झाकणाच्या कळशीत धरून ठेवा. केस धुवायला आजीच्या पिढीतल्या बायका पावसाचं पाणी जपून ठेवायच्या, ते याच कारणाने.

दोन गोष्टी करू नका. एक, पाण्यात लिंबू पिळू नका. डाग जातात म्हणून लिंबू इथेही उपयोगी पडेल असं वाटतं, पण आंबटपणा साबणालाच फोडतो आणि फेस आणखी लवकर मरतो. दुसरं, पाण्यात तुरटी फिरवून ते मऊ होईल असं समजू नका. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले क्षार जागेवरच राहतात.

तुरटीचं अजून थोडं सांगायला हवं, कारण फेस मारणारं हे दुसरं कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. दाढी झाली की ओल्या गालावर तुरटीचा खडा फिरवायचा, ही आपल्याकडची जुनी आणि चांगली सवय आहे. बारीक काप लगेच थांबतात. पण तो ओला खडा पुष्कळ घरांत दाढीच्याच वाटीत किंवा ब्रशच्या मगात टाकलेला असतो. दुसऱ्या दिवशी त्याच वाटीत फेस करायला घेतला की तुरटीतलं अॅल्युमिनियम साबणाशी जुळून पुन्हा न विरघळणारा साका करतं. आरओचं पाणी वापरूनही फेस बसत असेल तर आधी वाटीच्या तळाशी बघा. खडा वेगळ्या डबीत, कोरडा ठेवा. गालावर तुरटी फिरवलेल्या हाताने ब्रशही धुवू नका.

क्रीम की साबण हाही प्रश्न येतो. जड पाण्याच्या गावात नवख्या माणसाने ट्यूबमधलं क्रीम घ्यावं. वडीच्या साबणातून ब्रशवर किती साबण आला याचा अंदाज यायला वेळ लागतो. क्रीम बोटावर मोजून घेता येतं. वेष्टनावरच्या घटकांत ईडीटीए हे नाव दिसलं तर अधिक चांगलं, कारण ते कॅल्शियमला धरून ठेवतं.

फेसाकडे बघून दोष ओळखा

फेस बिघडला एवढंच म्हणून भागत नाही, कसा बिघडला ते बघायचं.

मोठमोठे बुडबुडे, हलका, वरवरचा फेस, आणि बोट फिरवलं की खाली ओलं कातडं. यात पाणी जास्त झालेलं असतं किंवा क्रीम कमी. घट्ट, चिकट, ब्रशलाच धरून बसलेला, गालावर पसरत नाही असा फेस असेल तर पाणी कमी पडलेलं असतं. आणि आधी चांगला आलेला, पण दोन मिनिटांत खचून खाली करडा-पांढरा, चरचरीत थर सोडणारा फेस म्हणजे जड पाणी. पहिल्या दोन्ही चुका हाताच्या आहेत आणि आठवडाभरात सुटतात. तिसरीत हाताची चूक नसते, त्यामुळे सराव कितीही केला तरी ती सुटत नाही.

हात बसवायचा तो असा. सोललेल्या बदामाएवढं क्रीम घ्या. ब्रश भिजवून चांगला झटका, इतका की थेंब गळायला नको. मग वाटीत किंवा सरळ गालावरच गोल फिरवायला लागा. पहिल्या अर्ध्या मिनिटात नुसती लापशी दिसेल, घाबरू नका. ब्रशची टोकं पाण्याला जेमतेम टेकवून चार-दोन थेंब घ्या, पुन्हा फिरवा, पुन्हा थेंब. ताक घुसळताना लोणी यायच्या बेताला रवी जड लागते तसा ब्रश जड लागायला लागला आणि फेसावर चकाकी आली की झालं. बहुतेक नवशिके चकाकी यायच्या आतच थांबतात. पाणी एकदम ओतून घाई केली की बुडबुडे येतात.

आपल्या उन्हाळ्याचा एक वेगळा त्रास आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असतो आणि हवा कोरडी ठाक. पंख्याखाली उभं राहून दाढी केली तर चांगला जमलेला फेससुद्धा दुसऱ्या गालावर ब्लेड पोहोचेपर्यंत वाळतो. तो फेस मेलेला नसतो, नुसता सुकलेला असतो. पंखा बंद करा, एका वेळी अर्ध्याच चेहऱ्याला लावा, आणि फेस हिवाळ्यापेक्षा थोडा ओलसर ठेवा.

ब्रश घ्यायचाच असेल तर

पाणी तपासून झालं आणि ब्रश खरंच घ्यायचा ठरलं, तर गुलमंडी असो की गंजगोलाई, तालुक्याचं कटलरीचं दुकान असो की आठवडी बाजारातली पथारी, २०० रुपयांच्या आत पहिल्या ब्रशचं काम होतं. महाग ब्रश नंतर कधीही घेता येईल. बिज्जूच्या (बॅजर या प्राण्याच्या) केसांचे परदेशी ब्रश तर सुरुवातीला बघूच नका.

स्वस्तात तीन प्रकार हाती येतात. पहिला डुकराच्या केसांचा. पांढरट, पिवळसर किंवा रंगवलेला काळा, सुरुवातीला राठ, पण नीट वापरला तर काही आठवड्यांत मऊ पडणारा. दुसरा जाड नायलॉनचा. तो कितीही वापरा, मऊ पडत नाही, पाणी धरत नाही आणि गालाला बोचत राहतो. तिसरा नव्या प्रकारच्या बारीक कृत्रिम तंतूंचा. हे तंतू पीबीटी नावाच्या प्लॅस्टिकचे, टोकाला निमुळते असतात, पहिल्या दिवसापासून मऊ लागतात आणि थोड्या क्रीममध्ये भरपूर फेस देतात.

दुसरा आणि तिसरा, दोन्ही कृत्रिमच. फरक डोळ्यांपेक्षा हाताला कळतो. ब्रशची टोकं तळहातावर हलकेच दाबून गोल फिरवा. जाड नायलॉन काट्यासारखा लागतो. डुकराचे केस ओळखायचे तर एखादा सुटलेला केस काडीने जाळून बघा: खरा केस जळक्या केसांचा वास देऊन त्याची राख होते, कृत्रिम तंतू वितळून त्याची गोळी होते. ही परीक्षा घरी करा, दुकानात नको.

आता एक बाब मोकळेपणाने सांगितली पाहिजे. वेष्टनावर नुसतं ‘ब्रिसल’ किंवा ‘नॅचरल ब्रिसल’ लिहिलेलं असतं, कोणत्या प्राण्याचे केस ते लिहिलेलं नसतं. दाढीच्या ब्रशच्या बाबतीत याचा अर्थ जवळजवळ नेहमी डुकराचे केस असाच असतो. आपल्या गावांत मुस्लिम घरं आहेत, माळकरी घरं आहेत, जैन घरं आहेत. ज्यांना हे केस चेहऱ्याला लावायचे नाहीत त्यांना घेण्याआधी कळायलाच हवं. त्यांनी स्पष्ट ‘सिंथेटिक’ लिहिलेला ब्रश मागावा. दुकानदारांनीही विचारलं तर खरं सांगावं, आणि कोणी न विचारता कोणाला भेट म्हणून घेत असेल तरी सांगावं. सिंथेटिक घेतल्याने दाढीत काही उणं पडत नाही. जड पाण्याच्या गावात तर नव्या माणसाला मी तोच आधी घ्यायला सांगेन, कारण तो क्रीम स्वतःत मुरवून घेत नाही, जेवढं घेतलं तेवढं फेसात उतरतं.

घेताना मूठ हलवून बघा. केसांचा झुबका आणि मूठ यांच्या जोडात फट दिसली, किंवा झुबका बोटाने डुलला, तर तो परत ठेवा. झुबक्याचा बुडाशी व्यास २२ ते २४ मिलिमीटर असला की बेताचा. केस फार लांब आणि झुबका विरळ असेल तर ब्रश ओला झाल्यावर लुळा पडतो आणि फेस मध्येच अडकतो. टोकं दाबून सोडली की लगेच उभी राहायला हवीत. मूठ लाकडी दिसली म्हणून भुलू नका. रोजच्या ओलीत स्वस्त लाकडाला चिरा जातात. प्लॅस्टिकची भरीव मूठ दिसायला साधी असली तरी टिकते.

आणि जुन्या बाजारातला, कुणीतरी वापरलेला ब्रश घेऊ नका. घरातला ब्रशही भावाभावांत वाटून घेऊ नका. बारीक कापातून रक्त येतं आणि ब्रश त्याच जागेवर फिरतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमुळे माणसांना अँथ्रॅक्स, म्हणजे काळपुळी झाली होती. आज कारखान्यात केस सहसा निर्जंतुक करून येतात, पण कुणाच्या तरी हातातून आलेल्या ब्रशबद्दल तशी खात्री देता येत नाही.

डुकराच्या केसांचा ब्रश मुरवणं

इथे घाई करणारे फार. नवा ब्रश पहिल्या दिवशी फेस गिळतो, वास मारतो, गालाला टोचतो, आणि माणूस तो फेकून देतो. हे तिन्ही त्रास नव्या ब्रशचे आहेत आणि जाणारे आहेत.

पहिल्या दिवशी कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून केसांना हलक्या हाताने धुवा, दोनदा खळबळून घ्या. जनावराच्या केसांचा वास यातच निम्मा जातो. मग वाटीत कोमट पाणी केसांच्या उंचीएवढंच घ्या आणि ब्रश त्यात तासभर उभा करा. पाणी जोडापर्यंत चढू देऊ नका. तिथे डिंक असतो, आणि केस गळायची सुरुवात तिथूनच होते. उकळतं पाणी तर मुळीच नको. अंघोळीला चालेल एवढंच गरम.

मग तळहातावर भरपूर क्रीम घेऊन फेस करा. दाढी करायची नाही, नुसता फेस. तो केसांत तसाच ठेवून ब्रश रात्रभर बाजूला ठेवा. सकाळी धुवा, झटका आणि पूर्ण वाळू द्या. आणखी दोन-तीन रात्री हेच करा. हलक्या पाण्यात करा हे सांगायला नकोच. जड पाण्यात फेस करून रात्रभर ठेवला तर केसांवर साक्याचाच थर बसेल.

त्यानंतर ब्रश रोज वापरायला घ्या. डुकराच्या केसाचं टोक भिजणं, घासणं आणि पुन्हा पूर्ण वाळणं यातून हळूहळू फाटून दुभंगतं. एका केसाची दोन-तीन बारीक टोकं होतात, आणि ब्रश मऊ लागतो तो त्यामुळे. म्हणून दोन वापरांच्या मध्ये ब्रश खडखडीत वाळणं हा मुरवण्याचाच भाग आहे. रोज दाढी करणाऱ्याचा ब्रश दोन-तीन आठवड्यांत बदललेला जाणवतो, आठवड्यातून दोनदा करणाऱ्याला दोन महिनेही लागतील. टोचतो म्हणून कात्रीने टोकं छाटू नका. दुभंगायला आलेली टोकंच त्यात जातात आणि ब्रश कायमचा राठ राहतो.

प्रत्येक दाढीआधी हा ब्रश तीन-चार मिनिटं भिजत ठेवायचा. केस पाणी पितात, तेव्हाच ते नरम होतात. न भिजवता वापरलात तर तो तुमच्या फेसातलं पाणी पिईल आणि फेस घट्ट होऊन अडकेल.

सिंथेटिकला यातलं काहीच लागत नाही. एकदा शाम्पूने धुतला की तयार. तो भिजवत ठेवायचा नाही, नुसता ओला करून झटकायचा. त्याचे तंतू पाणी पीत नाहीत, पाणी तंतूंच्या मध्ये अडकून राहतं आणि फेसताना एकदम सुटतं. सिंथेटिकवर बुडबुड्यांची तक्रार येते ती यामुळेच. डुकराच्या ब्रशची सवय सिंथेटिकला लावू नका, आणि उलटही नको.

केस गळणं, राठ होणं, वास

नव्या ब्रशचे पहिले आठ-दहा दिवस रोज एखाद-दोन केस गळतात. ते मोकळे राहिलेले केस असतात. पुढेही गळत राहिले तर गळलेला केस हातात घेऊन बघा. पूर्ण लांबीचा असेल तर जोडातला डिंक सुटतो आहे. झुबक्यानेच केस निघत असतील तर ब्रश बदलूनच घ्या. तुकडा असेल तर केस तुटतो आहे, म्हणजे तुम्ही ब्रश गालावर चेपून फिरवता किंवा डुकराचा ब्रश कोरडाच वापरता. पाणी काढताना केस ओढून पिळण्याचीही काहींना सवय असते. मुठीत धरून हलकेच दाबा आणि झटका, ओढू नका.

आधी मऊ असलेला ब्रश काही महिन्यांनी राठ आणि बुडाशी पांढरट झाला, तर तो झिजलेला नाही, त्यावर साका चढलेला आहे. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दहा भाग पाणी, यात केस पाच मिनिटं बुडवा, बोटांनी मोकळे करा, मग भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. बोअरच्या पाण्याच्या घरात हे महिन्यातून एकदा करायला हरकत नाही. पुष्कळसे टाकून द्यायला काढलेले ब्रश यानेच परत कामाला येतात.

वासाचं कारण ओल. दाढी झाली की ब्रश धुऊन, झटकून न्हाणीच्या बाहेर, खिडकीपाशी सावलीत ठेवा. उन्हाळ्यात तो तासाभरात वाळतो, श्रावणात दिवस घेतो. सोबत येणारी प्लॅस्टिकची नळी फक्त प्रवासाला, तीही ब्रश कोरडा असेल तेव्हाच. ओला ब्रश नळीत घालून एसटीच्या पिशवीत दोन दिवस राहिला की आंबूस वास धरतो. नुसता वास असेल तर शाम्पूने धुऊन, वाळवून जातो. बुडाशी काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. तो ब्रश चेहऱ्याला लावू नका.

हे सगळं करूनही फेस बसतच असेल, तर ब्रश आणि क्रीम घेऊन दुसऱ्या पाण्याच्या गावी जा. मावशीकडे, मामाकडे, जिथे पाणी गोडं आहे तिथे. तिथेही तसंच झालं तर क्रीमच्या ट्यूबवरची तारीख बघा. तारीख उलटून गेली असेल, किंवा दुकानाच्या दारात उन्हात राहून क्रीम फुटून पातळ झालं असेल, तर नवी ट्यूब घ्या. नव्या ट्यूबनेही नाही जमलं, तरच दुकानदाराकडे जाऊन दुसरा ब्रश मागा.